ज्योतीआडचा तळहात

(दृश्य : सावंतवाडी, तिन्हीसांज. अंगणातलं तुळशीवृंदावन.)

दिवेलागणीला तुळशीपाशी निघालेली बाई वाऱ्याकडे पाठ करते आणि मोकळा हात ज्योतीपुढे धरते. हे कुणी शिकवत नाही. बोटांच्या कडा बघा, कशा लाल झाल्यात.

(दृश्य : भिंतीवरची छापील प्रत.)

तोच हात इथे आहे. हे चित्र घराघरांत पोचलं ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं. काढलं सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, १९४५-४६ च्या सुमारास. हळदणकर याच गावचे, जन्म १८८२ चा. १९०८ साली मुंबईत त्यांनी स्वतःचे चित्रकलेचे वर्ग काढले. या चित्रासाठी उभी राहिली त्यांचीच मुलगी, गीता.

(दृश्य : प्रतीवरून सरकणारा कॅमेरा. चेहरा, मग बोटं.)

चित्राचं नाव जरा बाजूला ठेवू. चेहऱ्यावर हसू म्हणावं तर नाही, काळजी म्हणावी तर तीही नाही. उजेड खालून येतोय. भुताच्या सोंगाला नाटकवाले असाच खालून उजेड देतात, पण इथे भीती वाटत नाही, कारण मधे तळहात आहे. ज्योतीआधी तोच डोळ्यांत भरतो. याला कुणी आशा म्हणतं, म्हणोत बापडे. आम्हाला ती राखण वाटते. दिवा आपसूक तेवत नाहीये. अंधारही कुठे पळालेला नाही, तिच्या पाठीशीच उभा आहे.

(दृश्य : चित्रकलेच्या सरांचा हात, ओला कागद.)

आणि हे सगळं जलरंगात! तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे राखलेला कागद. आधी फिकट पिवळ्याचा पातळ हात, तो ओला असतानाच त्यात तांबूस. मग वाळू द्यायचं. नंतर बोटांची कड सोडून गडद, थरावर थर. घाई केली की खालचा रंग उठतो आणि सगळं गढूळ होतं. कुंचला कडेशी आला की सर बोलायचे थांबतात. थेंबभर रंग पलीकडे गेला, तर त्या बोटातला उजेड गेला.

(दृश्य : पुन्हा प्रत, पूर्ण चौकट.)

मूळ चित्र म्हैसूरला, जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. गीताताई २०१८ साली कोल्हापुरात गेल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. आणि हे चित्र राजा रविवर्म्याचं, असं आजही बेधडक सांगितलं जातं.

रविवर्मा वारले १९०६ साली.