हरलेल्याचं दुसरं दार

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे ऑफसाइड काय, टायब्रेकर काय, हे समजावत बसावं लागत नाही. तेवढा वेळ वाचला. तो मी दुसरीकडे खर्च करणार आहे, हे आयोजकांनी आत्ताच ओळखलेलं दिसतंय.

आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगची, म्हणजे तिथल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कैरोचा अल अहली, झमालेक, ट्युनिसचा एस्पेरान्स, कॅसाब्लांकाचा विदाद ही नावं इथल्या पोरांच्याही तोंडी आहेत. मला मात्र आज फायनलबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय पात्रता फेऱ्यांबद्दल. सीझनच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, पन्नासेक क्लब मैदानात उतरतात आणि थोड्याच आठवड्यांत त्यातले फक्त सोळा उरतात. त्या आठवड्यांबद्दल. आणि त्यातल्या शेवटच्या फेरीत जे हरतात, त्यांच्यासाठी पूर्वी एक दुसरं दार उघडं असायचं, दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत जायचं. ते 2023 साली बंद झालं. ते पुन्हा उघडावं, हे माझं म्हणणं आहे. पण तिथपर्यंत पोचायला मला जरा फिरून यावं लागेल.

रचना तुम्हाला माहीत असेलच, तरी एकदा सांगतो. आफ्रिकेच्या क्रमवारीतल्या पहिल्या बारा देशांचे दोन-दोन क्लब, बाकीच्या देशांचा एक-एक. पहिली फेरी, दुसरी फेरी. प्रत्येक लढत दोन सामन्यांची, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. गोल बरोबरीत राहिले तर परक्या मैदानावर ज्याने जास्त मारले तो पुढे. युरोपने हा नियम 2021 मध्ये काढून टाकला, आफ्रिकेने ठेवला. दुसरी फेरी जिंकली की गटसाखळी, आणि तिथे गेलं की पैसा, टीव्ही, नाव, सगळं. बलाढ्य क्लब थेट दुसऱ्या फेरीत येतात. म्हणजे अल अहलीची वाट ज्या सामन्यापासून सुरू होते, तिथवर पोचायलाच छोट्याला एक अख्खी लढाई जिंकावी लागते.

मला या फेऱ्यांचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची यादी, वाचायला फार आवडतो. त्यात अख्ख्या खंडाचा कामधंदा दिसतो. गारुआचा कोटन स्पोर्ट हा कॅमेरूनच्या कापूस कंपनीचा क्लब. लुआंडाचा पेत्रो तेल कंपनीचा. किगालीचा एपीआर रुवांडाच्या सैन्याचा. मोझांबिकचा यूडी सोंगो कुठला, तर काहोरा बासा धरणाशेजारच्या वसाहतीचा. बोट्स्वानाचा ज्वानेंग गॅलेक्सी हिऱ्यांच्या खाणीच्या गावचा. झांझिबारचा केएमकेएम तर तस्करी रोखणाऱ्या तिथल्या दलाचा! गटसाखळीत यातले फार थोडे दिसतात. अख्खी आफ्रिका एकत्र दिसते ती पात्रता फेरीतच. आफ्रिकेचा फुटबॉल महासंघ 1957 साली सुदानमध्ये, खार्टूमला स्थापन झाला. आणि त्याच सुदानच्या अल हिलालला युद्धामुळे आपलं ओमदुरमान सोडून बाहेर खेळावं लागलं. 2024-25 च्या सीझनला तो मॉरिटानियाच्या लीगमध्ये पाहुणा म्हणून खेळला, आणि चॅम्पियन्स लीगचे घरचे सामनेही त्याने नुआकशॉटला खेळले. घरापासून हजारो किलोमीटरवर. तरी गटात पहिला आला! यावर एक वेगळं व्याख्यान होईल, पण आज नाही.

आता ज्यासाठी मी मुळात इथे उभा आहे, ती 2016 ची गोष्ट. ही मला पूर्ण सांगू द्या.

दक्षिण आफ्रिकेचा मामेलोडी सनडाऊन्स. पैसेवाला क्लब, प्रशिक्षक पिट्सो मोसिमाने. एप्रिलमध्ये गटसाखळीच्या आधीची शेवटची फेरी, समोर किन्शासाचा एएस व्हिटा. किन्शासात व्हिटा 1-0 ने जिंकला. परतीचा सामना सनडाऊन्सने 2-1 ने जिंकला. एकूण 2-2, पण व्हिटाचा एक गोल परक्या मैदानावरचा. सनडाऊन्स बाहेर.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे चॅम्पियन्स लीगच्या या फेरीत हरलेल्याला कॉन्फेडरेशन कपमध्ये, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत, एक प्लेऑफ, म्हणजे गटात जायला आणखी एक लढत, मिळायचा. तिथे सनडाऊन्ससमोर आला घानाचा मेडियामा, तारक्वा या सोन्याच्या खाणींच्या गावचा. घरी सनडाऊन्स 3-1 ने जिंकला, घानात 2-0 ने हरला. एकूण 3-3. पुन्हा परक्या मैदानावरचा गोल, पुन्हा बाहेर! एकाच सीझनमध्ये दोन स्पर्धांतून, दोन्ही वेळा एकाच नियमाने.

आणि मग बातमी आली. व्हिटाने अगदी पहिल्या लढतीत, झांझिबारच्या माफुंझो संघाविरुद्ध, इद्रिसा त्राओरे नावाचा खेळाडू उतरवला होता आणि तो खेळायला पात्रच नव्हता. व्हिटा स्पर्धेतून बाद. त्याची गटसाखळीतली जागा सनडाऊन्सला. दोनदा बाहेर पडलेला संघ गटात आला, गट पार केला, उपांत्य फेरी पार केली. ऑक्टोबरमध्ये फायनलला समोर झमालेक. घरी 3-0, अलेक्झांड्रियाजवळ 0-1, आणि आफ्रिकेचा विजेता सनडाऊन्स! 1995 च्या ऑरलँडो पायरेट्सनंतर दक्षिण आफ्रिकेचा दुसराच.

टाळ्या वाजवा, हरकत नाही. मीही वाजवल्या होत्या. पण आता माफुंझोकडे बघा. हा झांझिबारच्या तुरुंग खात्याचा क्लब. तो अपात्र खेळाडू ज्यांच्याविरुद्ध खेळला, ते हे लोक. त्यांना काय मिळालं? काही नाही. मधल्या फेरीत व्हिटाने ज्यांना हरवलं, त्यांना? काही नाही. स्पर्धा पुढे गेलेली असते, शेवटच्या प्रतिस्पर्ध्यालाच जागा देणं सोयीचं असतं, हे मला मान्य आहे. पण सोय नेहमी त्याच टोकाला का असते, जिथे मोठा क्लब उभा असतो? हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

याच्या उलटं 2011 चं उदाहरण घ्या. लुबुम्बाशीचा टीपी माझेम्बे. सलग दोन वेळचा विजेता, क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला पोचलेला पहिला आफ्रिकी क्लब. टांझानियाच्या सिम्बाला त्याने दोन्ही सामन्यांत हरवलं. सिम्बाने तक्रार केली की बोकुंगू हा माझेम्बेचा खेळाडू अपात्र आहे. तक्रार खरी ठरली, माझेम्बे बाद. सिम्बाला सरळ जागा मिळाली का? नाही. माझेम्बेने पुढच्या फेरीत विदादला हरवलं होतं, म्हणून सिम्बा आणि विदाद यांचा एकच सामना कैरोत, त्रयस्थ मैदानावर. विदाद 3-0 ने जिंकला आणि थेट फायनलपर्यंत गेला. सिम्बाने लढून दार उघडलं, आत दुसराच गेला.

सिम्बाचं नाव आलंच आहे तर थोडं दार-एस-सलामला जाऊ. मी तिथे नोकरीनिमित्त राहिलो आहे. करिआकू नावाचा बाजार आहे, गजबजलेला. सकाळी टपरीवर दुधाचा चहा आणि चपाती मिळते, ती चपाती आपल्याच लोकांनी समुद्रापलीकडे नेलेली. त्याच परिसरात मसिम्बाझी रस्त्यावर सिम्बाचं कार्यालय, लाल रंग. आणि हाकेच्या अंतरावर जांगवानीला त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं, यांगा क्लबचं, हिरवा-पिवळा. यांगा 1935 चा, सिम्बा 1936 चा. इथे कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांत जे वैर आहे, ते तिथे आख्ख्या देशात आहे. घरात भाऊ एकीकडे, मेहुणा दुसरीकडे. कोण हसलं? दिलबहारवाले का?

2018 च्या डिसेंबरमध्ये सिम्बासमोर झांबियाचा न्काना होता. किटवेला सिम्बा 2-1 ने हरलेला. परतीच्या सामन्यात 2-1 झालं होतं आणि मिनिटं संपत आली होती. तेवढ्यात क्लेटस चामाने, हा स्वतः झांबियाचाच, गोलकडे पाठ असताना टाचेने चेंडू आत ढकलला. 3-1! साठ हजारांच्या स्टेडियममध्ये माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात असा धरला की मनगटावर बोटं उमटली. त्या टाचेने सिम्बा गटसाखळीत गेला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला.

पुढच्याच ऑगस्टला, 2019 मध्ये, तोच सिम्बा आणि समोर धरणाचा यूडी सोंगो. मोझांबिकमध्ये 0-0. दार-एस-सलाममध्ये लुइस मिकिसोने याने फ्री किक मारली आणि सोंगो पुढे. सिम्बाने पेनल्टीवर बरोबरी केली, 1-1, पण परक्या मैदानावरचा गोल सोंगोचा. ही पहिली फेरी होती, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दुसरं दार तेव्हाही नव्हतं. ऑगस्ट संपायच्या आत सिम्बाचं खंडातलं वर्ष संपलं. सिम्बाने काय केलं माहीत आहे? त्या मिकिसोनेलाच आपल्याकडे आणलं. 2021 च्या फेब्रुवारीत त्याच मैदानावर त्याने अल अहलीविरुद्ध गोल मारला, सिम्बा 1-0 ने जिंकला आणि काही महिन्यांत अल अहलीनेच त्याला उचललं. पात्रता फेरीत दिसलेला पोरगा कुठून कुठे गेला, बघा.

आणि 2021 चा ऑक्टोबर. हिऱ्यांच्या गावचा ज्वानेंग गॅलेक्सी. बोट्स्वानात सिम्बा 2-0 ने जिंकून आलेला. दार-एस-सलाममध्ये मध्यंतराला 1-0 ने पुढे. एकूण 3-0. आणि दुसऱ्या अर्ध्यात गॅलेक्सीने तीन गोल मारले! 3-3, परक्या मैदानावरचे गोल गॅलेक्सीचे जास्त. प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं. अडीच वर्षांनी गटसाखळीत सिम्बाने गॅलेक्सीला त्याच स्टेडियममध्ये 6-0 ने हरवलं, तेव्हा करिआकूत लाल शर्ट पुन्हा ताठ मानेने फिरले.

पण त्या ऑक्टोबरला सिम्बाचं वर्ष संपलं नाही. कारण ही दुसरी फेरी होती आणि…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. मुद्दा इथेच आहे, तेव्हा भराभर सांगतो.

दुसऱ्या फेरीत हरला म्हणून सिम्बाला कॉन्फेडरेशन कपचा प्लेऑफ मिळाला. झांबियाच्या रेड ॲरोजना हरवून तो गटात गेला, उपांत्यपूर्व फेरीला पोचला, पायरेट्सकडून टायब्रेकरवर, म्हणजे शेवटच्या पेनल्ट्यांवर हरला. पुढच्या वर्षी, 2022 ला, यांगा. अल हिलालकडून दुसऱ्या फेरीत बाहेर. दुसरं दार उघडं होतं. समोर ट्युनिसचा क्लब आफ्रिकेन. दार-एस-सलाममध्ये 0-0 झालं तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. ट्युनिसमध्ये यांगाच्या अझीझ की याने गोल मारला, यांगा 1-0. तिथून थेट फायनलपर्यंत! फायनलला अल्जिअर्सचा यूएसएम. घरी 1-2 ने हार, अल्जिअर्सला जाऊन 1-0 ने विजय. एकूण 2-2, आणि परक्या मैदानावरच्या गोलांवर कप गेला. पण पात्रता फेरीत हरलेला क्लब आफ्रिकेच्या एका फायनलमध्ये बरोबरीने उभा राहिला होता.

तो जून 2023. त्याच वर्षीच्या नव्या सीझनपासून हा प्लेऑफ काढला. दोन्ही स्पर्धांना पात्रतेच्या दोनच फेऱ्या, आणि हरलेला घरी. त्या शरद ऋतूत ज्वानेंग गॅलेक्सीने ऑरलँडो पायरेट्सला टायब्रेकरवर हरवलं. एका पेनल्टीवर पायरेट्सचं खंडातलं वर्ष संपलं.

आता पैसा बघा. 2022-23 ला गटसाखळीत तळाला राहणाऱ्या संघालाही 7 लाख डॉलर होते. विजेत्याला 40 लाख. आणि पात्रता फेऱ्यांसाठी महासंघाने 2023 ला मदत सुरू केली ती क्लबमागे 50 हजार डॉलरची. चांगलं पाऊल होतं, मी त्याचं स्वागतच करतो. पण बघा, तेव्हाचे ते 50 हजार आणि 7 लाख यांच्यामध्ये एकच लढत होती, आणि ती लढत बऱ्याचदा परक्या मैदानावरच्या एका गोलावर ठरते. त्यात विमानाचा प्रवास, आणि मायदेशात मान्यताप्राप्त स्टेडियम नसेल तर घरचा सामनाही परदेशात. अशा क्लबला सप्टेंबरनंतर खंडात एकही सामना नाही, तर तो खेळाडू टिकवणार कसा?

लोक म्हणतील, वेळापत्रकात जागा नाही. प्लेऑफला लागतात फक्त दोन आठवड्यांच्या तारखा. चॅम्पियन्स लीगच्या दुसऱ्या फेरीत हरणारे सोळा, कॉन्फेडरेशन कपच्या दुसऱ्या फेरीत जिंकणारे सोळा, सोळा लढती, सोळा संघ गटात. हिशेब आधीच जुळलेला आहे, नवं काही शोधायचं नाही. मी तर पुढे जाऊन म्हणतो, पहिल्या फेरीतल्या संघांनाही काहीतरी हवं. पूर्व, पश्चिम, दक्षिण असे विभाग पाडून हरलेल्यांची छोटी स्पर्धा घ्या, प्रवास कमी, सामने जास्त. माफुंझो, केएमकेएम, सोंगो यांना वर्षात दोन नाही, सहा सामने मिळू देत. खर्च विचाराल, तर विजेत्याचं बक्षीस थोडं कमी करा, अल अहलीचं काही अडणार नाही.

वेळ संपली म्हणतायत. पाच मिनिटं प्रश्नांना ठेवली आहेत. मागे तो हात वर आहे ना, पाटाकडीलचा टी-शर्ट घातलेला, विचार बाळा.