आईनस्टाईनचा पेपर परत पाठवणारा संपादक

मघाशी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, नियतकालिकाला पाठवलेला संशोधनाचा पेपर नाकारतो कोण? रेफरी की संपादक?" सुरुवात तिथूनच करतो. रेफरी, म्हणजे पेपर तपासणारा बाहेरचा तज्ज्ञ, मत देतो. निर्णय संपादकाचा, आणि त्या निर्णयाचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.

१९३६ साली आईनस्टाईन आणि त्यांचे तरुण सहकारी नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाकडे एक पेपर धाडला. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. वीस वर्षांपूर्वी त्या लहरींचं भाकीत खुद्द आईनस्टाईननीच केलं होतं! संपादक होते मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन टेट. त्या काळी प्रत्येक पेपर बाहेर तपासून घेण्याची पद्धत नव्हती. टेटनी तो मुकाट छापला असता, तर त्यांना कुणी बोल लावला नसता. पण त्यांना शंका आली असावी. त्यांनी तो रेफरीकडे पाठवला. दहा पानांचा अभिप्राय आला, चूक दाखवणारा. टेटनी तो आईनस्टाईनना पाठवला आणि यावर तुमचं म्हणणं कळवा, असं लिहिलं.

आईनस्टाईन संतापले. छापण्याआधी पेपर तज्ज्ञांना दाखवायची परवानगी आम्ही दिलीच नव्हती, असं कळवून त्यांनी पेपर मागे घेतला. टेटनी खेद व्यक्त केला, पण पद्धत सोडली नाही. जो पेपर आमच्या संपादक मंडळाला दाखवायला लेखकाची तयारी नाही, तो मला छापता येणार नाही, असं त्यांनी नम्रपणे लिहिलं. माझ्या दृष्टीने संपादकाच्या कामाचं सार त्या एका वाक्यात आहे.

रेफरी होते प्रिन्स्टनचे हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे त्यांनीच आईनस्टाईनचे नवे सहायक इन्फेल्ड यांना गप्पांच्या ओघात ती चूक उलगडून दाखवली, पण रेफरी मीच होतो हे सांगितलं नाही. १९३७ मध्ये पेपर दुसऱ्या नियतकालिकात निघाला, तेव्हा निष्कर्ष पार बदललेला होता. रॉबर्टसन यांच्या नावाला दुजोरा मिळाला तो जवळजवळ सत्तर वर्षांनी, 'फिजिकल रिव्ह्यू'च्या जुन्या नोंदवहीतून. कोणता पेपर कुणाकडे गेला, याच्या साध्या नोंदी. संपादकाने गोपनीयता पाळायची म्हणजे काय, ते इथे दिसतं. त्या लहरी २०१५ साली प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. त्यांच्यासाठीची भारतातली वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ, उभी राहायची आहे.

छापल्यानंतरही संपादक सुटत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला, तोही अवघ्या बारा मुलांवरचा. तो मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी मुलांना लस द्यायला कचरावं? ते नुकसान कुठल्याही शुद्धिपत्राने भरून निघत नाही.

माझीही एक चूक सांगतो. एका पीएचडीच्या मुलीचा पेपर संपादक म्हणून माझ्याकडे होता. रेफरी 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणत राहिले आणि भिडेपोटी मी थांबलो. सात महिने गेले. तिची फेलोशिप संपली, तरी तिने एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी थकलेल्या पेपरांची यादी काढतो आणि रेफरी हलले नाहीत तर दुसरे शोधतो. तुमचा पेपर तीन महिने जागचा हलला नसेल, तर संपादकाला मेल करा. संकोच करू नका. उत्तर देणं हे त्याचं कामच आहे.