सायलेन्सरला चिकटलेलं प्लास्टिक

[दृश्य: चकचकीत बेंड पाइप. त्यावर वितळून वाळलेला, कडेला करपलेला काळा थर.]

मोटरसायकलच्या इंजिनच्या सिलिंडरमधून निघालेला सायलेन्सरचा पाइप पहिल्या वळणापाशी सहज दोन-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. पॉलिथिनची पिशवी वितळायला ११० ते १३० अंश पुरतात. रेनकोटचं नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टर २६०च्या जवळ. त्यामुळे वाऱ्यावर उडत आलेली पिशवी असो की रेनकोटचं टोक, पाइपला टेकायचा अवकाश, की ते चिकटलंच.

बुटाच्या तळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. पीव्हीसी या प्लास्टिकचा तळ वितळतो. पण गंधक घालून पक्कं केलेलं रबर वितळून वाहत नाही. ते तापून चिकट होतं आणि करपतं. म्हणून काढायला बसण्याआधी चिकटलंय काय, ते आठवून बघा. निम्मं काम तिथेच ठरतं.

[दृश्य: एका हातात तारेची घासणी, दुसऱ्या हातात पॉलिश पेपर. दोन्ही खाली ठेवले जातात.]

उरलेलं निम्मं पाइपच्या पृष्ठभागावर ठरतं. क्रोमचा चकाकणारा थर बहुतेक वेळा अर्धा मायक्रॉनसुद्धा जाड नसतो, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. त्याच्याखाली निकेल आणि मग पोलाद. क्रोम कठीण खरं, पण पॉलिश पेपरवरचे कण त्याहून कठीण. डाग जाईल, सोबत क्रोमही जाईल. स्टेनलेस स्टीलवर साधी लोखंडी तार घासली तर तिचे बारीक कण पाइपवर रुतून बसतात आणि पुढे त्यांनाच गंज चढतो. मॅट काळ्या पाइपवर तर घासणीने आधी रंगच निघतो.

[दृश्य: गार गाडी. लाकडी पट्टीने गोळ्याची कड उचलली जाते.]

सुरुवात गार पाइपवर करायची. जाड गोळा असेल तर लाकडी पट्टी किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड त्याच्या कडेखाली सारून बघा. गार प्लास्टिक कडक असतं. नशीब असेल तर अख्खा तुकडा सुटून येतो.

नाही आला, तर ज्या उष्णतेने तो चिकटवला तिलाच सोडवायला लावायचं. गाडी उघड्यावर घ्या, इंजिन थोडा वेळ चालवा, मग बंद करा. हवेवर गार होणारं इंजिन जागच्या जागी फार वेळ चालवू नका. थर मऊ पडला की लाकडी पट्टीने एकाच दिशेने ओढत काढा आणि जाड, ओलसर सुती फडक्याने लगेच टिपा. फडकं सुतीच हवं. नायलॉनचं घेतलंत तर एक डाग काढताना दुसरा लागेल. हातात कातडी मोजे हवेत. थर एका फेरीत निघत नाही, पुन्हा गरम करावा लागतो. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र, असेल तर उत्तम, कारण नेमकी तेवढीच जागा तापवता येते. पीव्हीसी मात्र जळेपर्यंत तापवायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो. आणि करपलेल्या रबरावर उष्णतेचा फार उपयोग नाही, ते चिकाटीने खरवडावंच लागतं.

[दृश्य: द्रावकांचे डबे. पाइपवर हात ठेवून तो गार असल्याची खात्री.]

रसायनांकडे लोक आधी धावतात. माझ्या मते ती शेवटी यावीत. ॲसिटोन एबीएससारखं प्लास्टिक विरघळवतं, पण पॉलिथिन आणि नायलॉन त्याला दाद देत नाहीत. शिवाय त्याची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणजे गरम पाइपजवळ त्याचं नावही नको. पेट्रोलचं तर बोलायलाच नको. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर त्याहून वाईट: तापलेल्या धातूवर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू. ओव्हन साफ करायचा कॉस्टिक सोड्याचा फवारा गार क्रोमवर आणि स्टेनलेसवर चालतो, पण तो ॲल्युमिनियमला आणि रंगाला खातो. तेव्हा इंजिनचं कव्हर झाका, हातमोजे-चष्मा घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

क्रोमवर शेवटी पुसटशी सावली राहिली तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ असल्याने ओरखडे पडायची भीती कमी. मग क्रोम पॉलिश. बोटांचे आणि पॉलिशचे ठसे पुसूनच इंजिन चालू करा, नाहीतर तेच भाजून नवे डाग पडतात.

[दृश्य: पाइपच्या वळणावर पिवळसर ते निळी झाक.]

आता ही निळी झाक. स्टेनलेसवर ती चिकटलेली नसते. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, त्याचा तो रंग. वरची कोणतीही युक्ती त्याच्यावर चालवू नका.

मॅट काळ्या पाइपवर डागासोबत रंग गेलाच असेल, तर तो पट्टा साफ करून उष्णता सोसणारा रंग मारावा लागतो. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही. डब्यावर दिलेल्या क्रमाने इंजिन तापवून, गार करून, पुन्हा तापवून तो भाजावा लागतो. त्या वेळी थोडा धूर आणि वास येईल, तो येऊ द्या.