गरवायला जायचंय? आधी तांडेल शोधा

नमस्कार श्रोतेहो.

मालवण, तारकर्ली, देवबागला जाणारे काही पाहुणे हल्ली डॉल्फिन नको, स्कूबा नको म्हणतात. त्यांना गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला शिकायचं असतं. होडी काय, भाड्याने कुणीही देईल. शिकवणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मात्र शोधावा लागतो.

फोनवर आपण आधी दर विचारतो. त्याऐवजी विचारा, "काका, तुम्ही स्वतः गरवायला जाता का?" उत्तर "या हो, सगळं मिळेल" असं आलं, तर दुसरा नंबर लावा. "येताय कधी? तिथी कुठली त्या दिवशी?" असं जो उलट विचारेल, त्याच्याशीच पुढचं बोला.

तिथीशिवाय इथे पान हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कर्ली खाडीच्या मुखाशी पाण्याला एवढी ओढ असते, की दोरीला बांधलेलं शिसं तळाला ठरत नाही. दोरी मासा ओढतोय की पाणी, हे नवख्याला उमगणार कसं? अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी सुस्त असतं. पट्टीचे गरवणारे म्हणतील, भांगाला मासा लागत नाही. न लागेना! हात बसायला तेच पाणी बरं. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, तेवढं तांडेल सांगेलच.

पहिल्या दिवशी रॉड आणि रीळ घरीच राहू द्या. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची दोरी, शिसं, गरी म्हणजे गळ, आणि आमिषाला कोळंबी पुरे. शिसं तळाला टेकलं की दोरी हातभर वर घ्यायची आणि तर्जनीवरून सोडायची. बारके मासे टुकटुक करत कोळंबी कुरतडतात. आपण हिसका मारतो आणि नुसती गरी वर येते. अशा वेळी चांगला तांडेल दोरीला हात लावत नाही, बसल्या जागेवरून म्हणतो, "ओढू नकात, खांवदे तेका." तांबोशी लागली तर टुकटुक नाही, एकच दणका, आणि ती थेट खडकाकडे धावते. बोटाला चिंधी गुंडाळलेली नसेल तर तंगूस कातडी कापतं.

शिंगाळा मासा आला तर हौसेने हातात धरू नका. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे एकेक, असे त्याचे तीन विषारी काटे असतात. गरी तांडेलालाच काढू द्या आणि तो कुठे धरतो ते नीट बघा. बारकं पिल्लू आलं तर परत सोडा.

आता कागदपत्रांचं. मासेमारीची नोंद असलेल्या होडीला प्रवासी नेण्याची परवानगी असतेच असं नाही, त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला लाजू नका. लाइफ जॅकेट नुसतं होडीत असून भागत नाही, अंगात हवं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा पावसाळ्याचा बेत नको. मालवणजवळ 1987 पासून सागरी अभयारण्यही आहे. गरी कुठे टाकायची नाही, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

आणि मिळालेला मासा कुणाचा, तेही किनाऱ्यावरच ठरवा. काही ठिकाणी तो होडीवाल्याचा असतो, काही ठिकाणी निम्मा-निम्मा. वाद होतो तो भाड्यावरून नाही, तांबोशीवरून.

नमस्कार.