लॅपटॉपवरचे तीन क्लाउड

[दृश्य: पुण्याहून मुंबईला निघालेली सकाळची गाडी. खिडकीबाहेर धुकं, मांडीवर लॅपटॉप.]

खंडाळा मागे पडलं. आता एकामागून एक बोगदे, आणि मोबाईलला रेंज नाही. लॅपटॉपवर आमच्या ॲप्लिकेशनच्या टेस्ट मात्र चालूच आहेत.

हे ॲप्लिकेशन एरवी तीन क्लाउडवर, म्हणजे तीन कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर राहतं. ग्राहकाने काढलेला बिलाचा फोटो ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइलींच्या कोठारात जातो, त्याचा मेसेज ॲमेझॉनच्याच एसक्यूएस या सेवेच्या रांगेत लागतो. वर्कर, म्हणजे मागे काम करणारा प्रोग्राम, तो उचलतो, पीडीएफ बनवून मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवर ब्लॉब स्टोरेज या फाइलींच्या कोठारात ठेवतो आणि ग्राहकाला एसएमएस करतो. काम कुठवर आलं याची नोंद गूगलच्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये. ॲमेझॉन आणि गूगल मुंबई रीजनमधले, अझ्युर पुण्याचं. म्हणजे याच रेल्वेमार्गाची दोन टोकं.

[दृश्य: टर्मिनल. कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवायचे बंदिस्त कप्पे, एकेक करून उठतात.]

आत्ता तिघांच्याही नकला, म्हणजे एम्युलेटर, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये आहेत. ॲमेझॉनच्या जागी लोकलस्टॅक, पोर्ट (पत्त्यातला दार क्रमांक) ४५६६. अझ्युरच्या जागी मायक्रोसॉफ्टचंच ॲझ्युराइट, ब्लॉबसाठी पोर्ट १००००. फायरस्टोअरला गूगलचा स्वतःचा एम्युलेटर आहे. कोडला हात लावायचा नाही, फक्त पत्ते बदलायचे.

इथे नवीन माणूस हमखास अडतो. ॲप्लिकेशनही कंटेनरमध्ये असेल, तर त्याच्यासाठी ‘लोकलहोस्ट’ (एरवी ‘हेच मशीन’ असा पत्ता) म्हणजे त्याचा स्वतःचाच कंटेनर. लोकलस्टॅक तिथे नसतं, कनेक्शन नाकारलं जातं. कोणते कंटेनर उठवायचे ते लिहिलेल्या कंपोज फाइलमधलं लोकलस्टॅकच्या सर्व्हिसचं नाव पत्त्यात घातलं की काम होतं. यात अर्धा दिवस घालवलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. पहिल्याच दिवशी त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, झाल्या तरी खरी काळजी पुढेच असते. एम्युलेटर क्लाउडपेक्षा मवाळ असतात. लोकलस्टॅक मुळातल्या सेटिंगवर आयएएमच्या, म्हणजे कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेच्या, परवानग्या तपासत नाही. फायरस्टोअरचा एम्युलेटर कंपोझिट इंडेक्स (अनेक रकान्यांवर मिळून केलेली सूची) नसतानाही क्वेरी चालवून देतो; तीच क्वेरी खऱ्या फायरस्टोअरवर एरर देते. म्हणून परवानग्या आणि इंडेक्स यांच्यासाठी खऱ्या क्लाउडवर एक छोटं टेस्ट खातं ठेवावंच. तिथे काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: लॉगच्या दोन ओळी शेजारी शेजारी. फोटोचा आयडी एकच.]

आमची फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. ग्राहकांना एकाच बिलाचे दोन-दोन एसएमएस जाऊ लागले. एसक्यूएसमधून उचललेला मेसेज मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० सेकंद इतरांना दिसत नाही. तेवढ्यात काम उरकून तो काढून टाकला नाही, तर तो पुन्हा रांगेत दिसू लागतो. लॅपटॉपवर आमचा नमुन्याचा फोटो इवलासा, वर्कर एकच. काम चुटकीसरशी होई. खरे फोटो मोठे होते. चाळीस-चाळीस सेकंद लागत, आणि दुसरा वर्कर तोच मेसेज उचलून मोकळा होई. लोकलस्टॅकची यात काहीच चूक नव्हती. आम्ही त्याला खऱ्यासारखं काम दिलंच नव्हतं.

आता मेसेज दडून राहण्याची मुदत वाढवली आहे. शिवाय एसएमएसच्या आधी फोटोच्या आयडीने फायरस्टोअरमध्ये नवी नोंद तयार करायची. ती आधीच असेल तर फायरस्टोअर नकार देतं आणि दुसरा वर्कर तिथेच थांबतो. टेस्टमध्ये मात्र मुदत मुद्दाम ३० सेकंदच ठेवली आहे. दोन वर्कर, मोठा फोटो, मध्ये ४५ सेकंदांचा थांबा. अझ्युरच्या वाटेवर टॉक्सीप्रॉक्सी हे नेटवर्क मुद्दाम बिघडवणारं साधन बसवून जोडणीही संथ केली आहे. टेस्ट रेंगाळते, पण ती काढायची नाही असं टीमचं ठरलं आहे.

[दृश्य: बोगदा संपतो. डब्यात उजेड.]

पळसदरी आलं. फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसू लागल्या. स्क्रीनवर शेवटची ओळ: वर्कर २, पाठवलेले एसएमएस १.