माळ्यावरची गिटार आणि बूटपॉलिश लावलेलं व्हायोलिन

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय चोरीचा आहे, पण सोन्यानाण्याच्या चोरीचा नाही. एखाद्या नामवंत वादकाचं वाद्य चोरीला जातं, चाळीस-पन्नास वर्षं त्याचा ठावठिकाणा लागत नाही आणि मग एके दिवशी ते कुणाच्या तरी माळ्यावरून खाली येतं. हा शोध लागतो तरी कसा, ते आज बघू.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. असं वाद्य चोरणं सोपं, विकणं महाकठीण. चोरायला काय लागतं? वादक रंगमंचावर, वाद्य मागच्या खोलीत, पाच मिनिटं पुरे. पण विकायला जाणार कुणाकडे? जुन्या व्हायोलिनच्या लाकडावरच्या रेषा, पाठीवरचे ओरखडे, दुरुस्तीच्या खुणा, सगळं छायाचित्रांत टिपलेलं असतं. हा व्यापार करणाऱ्या पेढ्याही जगात मोजक्याच, आणि त्या सगळ्या एकमेकींना ओळखून असतात. पहिल्याच दारात चोर सापडायचा. म्हणून तो विकत नाही, ठेवून देतो. पुन्हा सांगतो, चोरणं सोपं, विकणं कठीण. त्यामुळे अशी वाद्यं नष्ट क्वचितच होतात. ती कुठे तरी असतात, आणि कुठे आहेत हे कुणाला तरी माहीत असतं.

आता अलीकडचं उदाहरण. बीटल्स या इंग्लंडच्या गायक-वादक गटातला पॉल मॅकार्टनी १९६१ साली जर्मनीत, हॅम्बर्गला होता. बीटल्सचं नाव अजून व्हायचं होतं. तिथल्या क्लबांत रात्ररात्र वाजवून पोट भरणारी ही पोरं. त्यांच्यातला बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा गट सोडून निघाला आणि ते काम पॉलच्या गळ्यात पडलं. त्यानं साधारण तीस पौंडांत हॉफनर कंपनीची एक बेस गिटार घेतली. आकार व्हायोलिनसारखा, दोन्ही अंगांनी सारखा. पॉल डावखुरा. एरवीची गिटार डावखुऱ्यानं उलटी धरली की ध्यान दिसते. ही तशी दिसत नव्हती. एवढ्या साध्या कारणानं घेतलेली गिटार बीटल्सच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांत वाजली.

पुढे ती चोरीला गेली. कधी? इथेच गोम होती. कित्येक वर्षं लोक धरून चालले होते की ती १९६९ च्या जानेवारीत, बीटल्सच्या चित्रीकरणाच्या दिवसांत गेली. तारीखच चुकली की साक्षीदारही चुकीचे शोधले जातात! २०१८ मध्ये खुद्द पॉलनं हॉफनर कंपनीशी संबंधित निक वास यांच्यापाशी गिटारीचा विषय काढला. वास यांना पुढे स्कॉट आणि नेओमी जोन्स हे पत्रकार पती-पत्नी येऊन मिळाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिघांनी जगाला जाहीर आवाहन केलं: कुणाला काही आठवत असेल तर सांगा.

आणि लोकांना आठवायला लागलं! बीटल्स फुटल्यावर पॉलनं विंग्ज नावाचा गट काढला होता. त्याचे ध्वनितंत्रज्ञ इयन हॉर्न यांनी सांगितलं की गिटार १९६९ ला गेलीच नाही. ती गेली १० ऑक्टोबर १९७२ च्या रात्री, लंडनच्या नॉटिंग हिल भागात, सामानाची व्हॅन फोडून. सकाळी हे पॉलला सांगायचं कोणत्या तोंडानं? पण पॉल म्हणाला, काळजी करू नकोस, माझ्याकडे दुसरी आहे. हॉर्न पुढेही काही वर्षं त्याच्याकडेच कामाला होते. माणूस ओळखायचा तो अशा वेळी.

तारीख कळली, जागा कळली, मग धागा उलगडला. चोरानं ती गिटार लॅडब्रोक ग्रोव्हमधल्या अॅडमिरल ब्लेक नावाच्या पबच्या मालकाला विकून टाकली होती. तिथून ती घरातल्या घरात फिरत गेली आणि शेवटी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज गावातल्या एका घराच्या माळ्यावर पडून राहिली. आवाहनाच्या बातम्या झळकल्यावर त्या घरातल्या बाईंना उमगलं की वर आहे ते काय आहे, आणि त्यांनी स्वतःहून मॅकार्टनीच्या माणसांना कळवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गिटार मिळाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या ओ-टू अरीनात पॉलनं ती पुन्हा मंचावर वाजवली. बहुतेक बातम्यांत मथळ्यालाच तिची आजची किंमत होती, इतके कोटी नि तितके कोटी. मला त्याचा कंटाळा येतो. तीस पौंडांची गिटार हेच किती छान आहे!

असो. ही झाली मोठ्यानं विचारल्यामुळे मिळालेली गिटार. पण मला आज मुळात सांगायची आहे ती दुसरी गोष्ट. त्यातलं वाद्य पन्नास वर्षं लपलेलं नव्हतंच. ते रोज वाजत होतं, लोकांसमोर वाजत होतं, आणि तरी कुणाला दिसलं नाही.

ब्रॉनिस्लाव हुबरमन. पोलंडमध्ये १८८२ साली जन्मलेला व्हायोलिनवादक. तेरा वर्षांचा असताना व्हिएन्नात त्यानं संगीतकार ब्राह्म्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवला तेव्हा स्वतः ब्राह्म्स ऐकायला होते. असं सांगतात की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या हुबरमनकडे १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस होतं. म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाच्या अंतोनिओ स्ट्रॅडिव्हारी या नामवंत कारागिरानं घडवलेलं. हे व्हायोलिन त्याच्याकडून एकदा नाही, दोनदा चोरीला गेलं. पहिल्यांदा १९१९ मध्ये, व्हिएन्नात. चोर लगेच विकायला गेला आणि तीन दिवसांत सापडला. आठवतंय ना, विकणं कठीण!

दुसऱ्यांदा मात्र गाठ वेगळ्या चोराशी होती. २८ फेब्रुवारी १९३६, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. हुबरमनकडे दोन व्हायोलिनं होती, एक ग्वार्नेरी, म्हणजे तशाच दुसऱ्या नामवंत घराण्यानं घडवलेलं, आणि एक हे स्ट्रॅडिव्हेरियस. त्या रात्री तो ग्वार्नेरी घेऊन मंचावर गेला आणि स्ट्रॅडिव्हेरियस मागच्या खोलीत पेटीत ठेवलं. बाहेर टाळ्या चालू, आत खोलीत कुणी नाही. तो परत येईतो पेटीतली एक जागा रिकामी!

हुबरमन त्या काळात कुठल्या धावपळीत होता, तेही सांगायला हवं. युरोपात ज्यू वादकांना वाद्यवृंदांतून काढून टाकलं जात होतं. हा माणूस त्यांना निवडून, त्यांची कागदपत्रं मिळवून, बायकामुलांसकट पॅलेस्टाइनला नेत होता. त्यातून त्याच वर्षी जो वाद्यवृंद उभा राहिला, तोच आजचा इस्रायल फिलहार्मोनिक. पहिल्या मैफलीला संचालन करायला तोस्कानिनींसारखे नामवंत संचालक आले होते. हुबरमनच्या खटपटीमुळे सुमारे हजार माणसांचे जीव वाचले असं मानतात. आणि आपण त्याची ओळख करून देतो ती ‘ज्याचं व्हायोलिन चोरीला गेलं तो’ अशी!

तर चोरी कुणी केली? ज्युलियन ऑल्टमन नावाच्या वीस वर्षांच्या पोरानं. तोही व्हायोलिनवादकच, जवळच्या एका रशियन रेस्टॉरंटमध्ये वाजवणारा. एक हकिकत अशी की दारावरच्या माणसाला सिगार देऊन देऊन त्यानं ओळख वाढवली होती, त्या रात्री दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात तो मागच्या दारानं आत गेला आणि व्हायोलिन कोटाखाली घालून बाहेर पडला. दुसरी हकिकत अशी की चोर वेगळाच होता आणि ऑल्टमननं त्याच्याकडून ते शंभर डॉलरला घेतलं. दोन्ही त्याच्याच तोंडच्या हकिकती, तेव्हा कुठली खरी ते आता कोण सांगणार? मला सिगारवाली खरी वाटते. शंभर डॉलरवाली हकिकत फारच सोयीची आहे.

आता ऐका, त्यानं पुढे काय केलं. त्यानं ते विकायचा प्रयत्नच केला नाही. दोनशे-सव्वादोनशे वर्षांच्या त्या सोनेरी-तांबूस व्हार्निशवर त्यानं बूटपॉलिश चोपडलं! काळं, मळकट, कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये दिसावं तसं व्हायोलिन करून टाकलं. आणि वाजवत राहिला. लग्नाकार्यांत वाजवलं, हॉटेलांत वाजवलं, वॉशिंग्टनच्या बड्या लोकांच्या मेजवान्यांत वाजवलं. इतकंच काय, वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रात बसून वाजवलं. शेजारी वादक, समोर संचालक, सगळे कानाचे पक्के. पण ऑर्केस्ट्रातल्या साध्या वादकाकडे स्ट्रॅडिव्हेरियस असेल हे कुणाच्या मनातही येणार नाही, आणि मनात आलं नाही की कानालाही ऐकू येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! विम्यावाल्या लॉइड्सनं हुबरमनला तीस हजार डॉलर भरून दिले. व्यवहार तिथे मिटला. हुबरमन १९४७ मध्ये स्वित्झर्लंडला वारला. व्हायोलिन त्याला परत दिसलं नाही.

१९८५ साल. ऑल्टमन कनेक्टिकटमध्ये एका वेगळ्याच, चांगल्या गंभीर गुन्ह्यासाठी कैदेत होता. पोटाचा कर्करोग झालेला, दिवस भरत आलेले. त्यानं बायकोला सांगितलं की त्या व्हायोलिनकडे लक्ष दे, ते साधं नाही. पेटी नीट बघ. तिनं पेटी काढली. पेटीच्या आवरणात, आत सरकवून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणं निघाली. १९३६ ची. हुबरमनचं व्हायोलिन चोरीला गेल्याची! म्हणजे पन्नास वर्षं हा माणूस आपल्याच गुन्ह्याचा पुरावा त्याच पेटीतून खांद्याला लावून हिंडत होता. पकडलं जाण्याची भीती असलेला माणूस कात्रणं जाळून टाकेल. यानं जपली. कधी तरी, कुणाला तरी हे सांगायचं त्याच्या मनात असणार. मला तरी दुसरं कारण सापडत नाही.

बायकोनं १९८७ मध्ये व्हायोलिन लॉइड्सला दिलं. विम्याचे पैसे दिल्यामुळे मालकी त्यांची झालेली. शोधून दिल्याबद्दल तिला दोन लाख त्रेसष्ट हजार डॉलर मिळाले आणि त्या रकमेवरून पुढे वारसांत कोर्टकज्जेही झाले. लंडनच्या बेअर या व्हायोलिनांच्या पेढीच्या कारागिरांनी महिनोन् महिने बसून ते बूटपॉलिश उतरवलं. मूळच्या व्हार्निशला धक्का न लावता काळा थर तेवढा काढायचा, म्हणजे काय जिकिरीचं काम! मग १९८८ मध्ये ते अमाडेउस क्वार्टेट या चार वादकांच्या गटातल्या नॉर्बर्ट ब्रेनिन यांनी बारा लाख डॉलरना घेतलं.

पुढे २००१ मध्ये अमेरिकन वादक जोशुआ बेल लंडनला त्या पेढीत गेला होता. तिथे त्याला कळलं की हे व्हायोलिन आता एका जर्मन उद्योगपतीच्या संग्रहात जाणार, काचेमागे. त्यानं हातात घेऊन वाजवून पाहिलं, आणि त्याच रात्री रॉयल अल्बर्ट हॉलच्या मैफलीत तेच वाजवलं. विकत घ्यायला चाळीस लाख डॉलरच्या आसपास लागले, त्यासाठी आधीचं स्वतःचं स्ट्रॅडिव्हेरियस विकावं लागलं. चांगलं केलं. वाद्य काचेच्या कपाटात बंद करणाऱ्यांना मी चोरांच्याच ओळीत बसवतो. ऑल्टमन निदान वाजवत तरी होता!

हेच व्हायोलिन घेऊन बेल २००७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात टोपी घालून उभा राहिला होता. सकाळची गर्दी, ४३ मिनिटं वादन, १०९७ माणसं समोरून गेली, थांबली ती सातच. पैसे पडले सुमारे ३२ डॉलर. यावर तेव्हापासून लोक रसिकतेच्या नावानं गळा काढतात. मला तो प्रयोगच पटत नाही. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला उभं करून त्याची रसिकता मोजायची, हा कुठला न्याय? वेळेवर पोचलं नाही तर पगार कापला जातो, तो काय ब्राह्म्स भरून देणार आहे? शिवाय ऑर्केस्ट्रातल्या जाणकारांनाही हे व्हायोलिन वर्षानुवर्षं ओळखता आलं नव्हतं. मग त्या प्रवाशांनाच नावं का ठेवायची?

विषयाकडे येतो. दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. वाद्य सापडलं ते घरातलं माणूस बोललं म्हणून. हेस्टिंग्जच्या घरातल्या बाई बोलल्या, ऑल्टमनची बायको बोलली. पोलिसांचे कागद कधीच थंड झाले होते. फरक एवढाच की गिटारीच्या बाबतीत कुणी तरी मोठ्यानं विचारलं, म्हणून उत्तर आलं. व्हायोलिनच्या बाबतीत विमा चुकता झाल्यावर शोध थंडावला, आणि चोराला मरण समोर दिसेपर्यंत थांबावं लागलं.

एक शोध अजून चालू आहे, तोही कानावर घालतो. एरिका मोरिनी ही व्हिएन्नात जन्मलेली थोर व्हायोलिनवादक. ऑक्टोबर १९९५ मध्ये ती न्यूयॉर्कला रुग्णालयात असताना तिच्या घरातून तिचं १७२७ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस गेलं. वय ९१. आसपासच्यांनी तिला चोरीचं कळूच दिलं नाही आणि थोड्याच दिवसांत ती गेली. व्हायोलिनची किंमत तेव्हा तीस लाख डॉलर धरली होती. अमेरिकेच्या एफबीआयनं ही चोरी कलाचोऱ्यांच्या आपल्या पहिल्या दहांच्या यादीत घातली.

आणि जाता जाता एक सूचना. घरी जुनं व्हायोलिन असेल तर तुम्ही आता नक्की आत डोकावून बघणार. आत ‘अंतोनिउस स्ट्रॅडिव्हारिउस’ अशी चिठ्ठी दिसली तर लगेच फोन फिरवू नका. एकोणिसाव्या शतकापासून युरोपातल्या कारखान्यांनी लाखोंनी व्हायोलिनं काढली आणि कुणाच्या नमुन्यावर घडवलंय ते सांगायला त्या चिठ्ठ्या सर्रास चिकटवल्या. तशी चिठ्ठी सापडली, तर बहुधा तेच. आणि वर मळकट बूटपॉलिश दिसलं, तर मात्र अवश्य कळवा!

नमस्कार.