ऑटिझमचा रिपोर्ट "निष्कर्ष अस्पष्ट" आला, मग पुढं काय?

नमस्कार मंडळी. आज गोठ्याजवळ बसून बोलते आहे, घरात पाहुणे आहेत आणि मला बोलायला शांतता लागते.

तर मी ऑटिझमची तपासणी करून आली. ऑटिझम म्हणजे लहानपणापासूनच मेंदूची घडण वेगळी, त्यामुळं लोकांत मिसळणं, बोलणं, आवाज किंवा अचानक बदल सहन करणं वेगळं किंवा अवघड जातं. वय 22. यवतमाळकडचं आमचं गाव, पहाटेची एसटी, मग नागपूरची गाडी, असं दोनदा. आणि रिपोर्टच्या शेवटी काय, तर निष्कर्ष अस्पष्ट. बाबा म्हणाले, "मंग काही नाही न तुले, झालं." मी येताना खिडकीशी बसून रडली, कारण मला वाटलं होतं की आज हो तरी म्हणतील नाहीतर नाही तरी, आणि मी परत तिथंच, जिथून सकाळी निघाली होती.

आता नीट ऐका, अस्पष्ट म्हणजे "नाही" नाही. ऑटिझम रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही, ते ठरतं तुमच्या वागण्यावरून आणि लहानपणच्या माहितीवरून. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर ज्यावरून असं निदान ठरवतात त्या अमेरिकेतल्या पुस्तकात, लिहिलंय की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण जोवर माणसावर झेपेल तेवढाच भार आहे तोवर ती पूर्ण दिसणार नाहीत असंही होऊ शकतं, किंवा शिकून घेतलेल्या सवयींखाली झाकलेली राहू शकतात. आपल्याकडं आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, 70 च्या खाली आलं की ऑटिझम नाही धरतात आणि 70 ते 106 म्हणजे सौम्य. आता जी पोरगी वर्षानुवर्षं दुसऱ्याकडं पाहून पाहून हसायला शिकली, तिचे मार्क कुठं बसतील सांगा. शिवाय अँग्झायटी (सततची चिंता), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ) यांच्यातही बरंच काही सारखंच दिसतं, त्यामुळं तपासणाऱ्यानं "आज ठरवता येत नाही" लिहिलं तर ते प्रामाणिकपणाचंच आहे असं मला आता वाटतं.

माझं अडलं कुठं, ते सांगते. तपासणाऱ्या मॅडमनी आईला विचारलं, चार-पाच वर्षांची असताना कशी खेळायची, हाक मारली की वळायची का, बोट दाखवून वस्तू दाखवायची का. आई म्हणाली, "शांत होती जी, लय गुणाची." बस. आई दिवसभर मजुरीनं कापूस वेचायला जायची, मी मोठ्या आईजवळ वाढली, मग आईला कसं माहीत असणार? आणि आपल्याकडं पोरगी गप्प बसली की कौतुकच होतं, कोणी विचारत नाही की गप्प काऊन आहे.

मग मी मोठ्या आईजवळ बसली, वही घेऊन. ती म्हणे, "तू सरकीचे दाणे ओळीनं लावत बसे, कोणी एक हलवला का दिवसभर रडे, अन् थ्रेशर आलं का गोधडी घेऊन ढोराच्या मागं लपे." मी लिहीत होती आणि हात थरथरत होते. हे कोणत्याच कागदावर नव्हतं.

तुमचाही रिपोर्ट असा आला असेल तर परत जाऊन विचारा, कोणती चाचणी केली, माहिती कोणाकडून घेतली, दुसरं काय असू शकतं आणि परत कधी यायचं, आणि ते लिहून घ्या. एक गोष्ट खरी आहे, अस्पष्ट रिपोर्टवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. पण लग्नात डीजेपासून लांब बसायला कोणाचं प्रमाणपत्र लागतं? मी मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे बोळे आणले, वरून दुपट्टा बांधते, पंगत पहिलीच उरकते आणि घरी येते. आईला सांगून ठेवलं आहे की पाहुणे येणार असले तर सकाळीच सांग, ऐन वेळेवर नको. एवढ्यानं माझे दिवस खरंच हलके झाले, रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.

आणि फारच जड वाटलं, रात्र निघत नसेल, तर 14416 लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सोयाबीन निघालं की मी परत जाणार आहे, यावेळी मोठ्या आईला सोबत घेऊन. तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर जायच्या आधी, ज्यानं तुम्हाला वाढवलं त्याच्याजवळ एक संध्याकाळ बसा.